टर्बो की सुपरचार्जर? पैसे टाकायच्या आधी खर्चाचं गणित असं मांडा

माझी गाडी जुनी होंडा सिव्हिक, १.८ लिटर आय-व्हीटेक, कंपनीतून १३२ पीएसची (पीएस म्हणजे साधारण हॉर्सपॉवरच). इंजिन इतकं गुळगुळीत आहे की बदलावंसं वाटत नाही, पण ताम्हिणीच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये खालून जोरच लागत नाही, आणि तेव्हा एखादी साधी टर्बो डिझेल शेजारून आरामात निघून जाते. म्हणून वर्षभर मी पुण्यात खर्चाची एक शीट घेऊन भोसरीतले लेथवाले, नाना पेठेतले स्पेअरवाले आणि ट्यूनिंग करणारे दोन-तीन जण असा फिरलो. ती शीट कशी मांडायची ते इथे सांगतो. गाडी वेगळी असली तर आकडे बदलतील पण पद्धत तीच राहील.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे किटची किंमत किटच्या किमतीशी लावणे. टर्बो किट एवढ्याला मिळतंय, सुपरचार्जर किट तेवढ्याला, म्हणजे टर्बो स्वस्त, असं करून लोक निम्म्या रस्त्यात अडकतात आणि मग गाडी सहा-सहा महिने गॅरेजमध्ये कव्हर घालून उभी असते. मी अशा दोन गाड्या डोळ्याने बघितल्यात. तुलना किटची नाही करायची, चालत्या, ट्यून झालेल्या, तीन वर्षं टिकलेल्या गाडीची करायची.

आधी दोन्हीत फरक काय ते थोडक्यात

दोन्ही गोष्टी इंजिनात जास्त हवा कोंबतात, म्हणजे जास्त पेट्रोल जाळता येतं. टर्बो सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूवर फिरतो, सुपरचार्जर क्रँकच्या पुलीवरून बेल्टने फिरतो. सुपरचार्जरमध्ये परत तीन जाती, रूट्स, ट्विन स्क्रू आणि सेंट्रिफ्युगल. रूट्सचा जोर कमी आरपीएमपासून (इंजिनाच्या फेऱ्यांपासून) येतो पण तो हवा जास्त तापवतो, सेंट्रिफ्युगलचा जोर आरपीएमबरोबर वाढत जातो. टर्बोची कल्पना आल्फ्रेड ब्यूची या स्विस इंजिनिअरची, १९०५ चं पेटंट, म्हणजे तंत्र नवीन अजिबात नाही. फोक्सवॅगनने २००५ मध्ये १.४ टीएसआयला दोन्ही एकत्र लावले होते, खाली सुपरचार्जर आणि वर टर्बो, ते कंपनीला परवडतं, आपल्याला नाही.

खर्चाच्या दृष्टीने यातली एकच गोष्ट लक्षात ठेवा. टर्बो बसवला की एक्झॉस्टची बाजू पूर्ण बदलावी लागते, सुपरचार्जर बसवला तर एक्झॉस्ट आहे तसं राहू शकतं पण इंजिनच्या पुढची बेल्टची बाजू आणि ब्रॅकेट अगदी अचूक लागतं. म्हणजे टर्बोचे पैसे वेल्डिंग आणि मजुरीत जातात, सुपरचार्जरचे पैसे तयार किटमध्ये जातात.

शीटमध्ये दोन नाही, तीन कॉलम करा

पहिला कॉलम फक्त टर्बोचा, दुसरा फक्त सुपरचार्जरचा, आणि तिसरा जो कोणी करत नाही तो म्हणजे दोन्हीला लागणारा सामायिक खर्च. हा तिसरा कॉलम आधी भरा, कारण बहुतेकांचं बजेट इथेच संपतं.

माझ्या शीटमध्ये सामायिक कॉलम असा आला. स्टँडअलोन ईसीयू (कंपनीच्या जागी बसणारा, ट्यून करता येणारा इंजिनाचा कॉम्प्युटर) वायरिंगसकट १ लाख, चार मोठे इंजेक्टर ३० हजार, फ्युएल पंप १२ हजार, वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर (हवा-इंधनाचं प्रमाण मोजणारा) आणि गेज २० हजार, मजबूत क्लच ४५ हजार, मूळपेक्षा एक पायरी थंड (उष्णता लवकर सोडणारे) स्पार्क प्लग आणि किरकोळ ४ हजार, इंटरकूलर (दाबून तापलेली हवा थंड करणारा) आणि त्याचे पाइप ४५ हजार, डायनोवर (ताकद मोजणाऱ्या मशिनवर) इंधन आणि स्पार्कचं ट्यूनिंग ४० हजार. बेरीज २ लाख ९६ हजार, आणि अजून टर्बोही घेतला नाही आणि सुपरचार्जरही नाही. ही माझी कोटेशनं आहेत, तुमच्याकडे वीस-पंचवीस टक्के इकडेतिकडे होतील, पण यातली एकही ओळ गाळता येत नाही.

इंजेक्टरचा आकार अंदाजे निवडू नका, गणित करा. टार्गेट १७० एचपी धरलं तर बूस्टवर, म्हणजे दाबून भरलेल्या हवेवर, चालणाऱ्या पेट्रोल इंजिनला ताशी दर एचपी साधारण ०.६ पाउंड पेट्रोल लागतं, म्हणजे १०२ पाउंड, चार सिलेंडरला भागले की २५.५, आणि इंजेक्टर त्याच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या वर चालवायचा नाही म्हणून ०.८ ने भागा, साधारण ३२ पाउंड, म्हणजे मिनिटाला ३३५ सीसी. पण आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, इथेनॉलला वजनाने हवा कमी आणि इंधन जास्त लागतं, शुद्ध पेट्रोलचं हवा-इंधन प्रमाण १४.७ तर ई२० चं साधारण १३.५, म्हणून वर ९ टक्के धरा, ३६५ सीसी. कुणी म्हणालं की मूळ इंजेक्टरवर प्रेशर वाढवून भागेल तर त्याच्याकडून गाडी परत आणा.

इंटरकूलरबद्दलही असंच. पुण्यात एप्रिलमध्ये ३५ डिग्रीची हवा आत घेतली आणि ६ पीएसआय बूस्ट दिला तर ७० टक्के कार्यक्षम कॉम्प्रेसरमधून ती साधारण ८३ डिग्रीने बाहेर पडते, रूट्ससारख्या ५५ टक्केवाल्यातून ९६-९७ डिग्रीने. एवढी तापलेली हवा साडेदहाच्या कॉम्प्रेशन रेशोच्या इंजिनात गेली की नॉकिंग (मिश्रण आपोआप भडकणं) ठरलेलंच, आणि नॉकिंगने पिस्टनची रिंग लँड (रिंगांमधली कड) फुटते. सुपरचार्जरला इंटरकूलर लागत नाही हा गैरसमज कुठून पसरला कळत नाही, पण त्यामुळे चांगली इंजिनं गेलीत.

टर्बोचा कॉलम

छोटा नवीन ब्रँडेड टर्बो ९० हजार, एक्झॉस्टचा मॅनिफोल्ड बनवून घ्यायला ३० हजार, टर्बोनंतरचा डाउनपाइप आणि मागचा सायलेन्सर ३५ हजार, वेस्टगेट (बूस्ट मर्यादेत ठेवणारी झडप) २५ हजार, ऑइल आणि कूलंटच्या लाइन्स फिटिंगसकट १५ हजार, ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह (पाय काढला की जास्तीची हवा सोडणारा) १० हजार, हीट शील्ड आणि रॅप ८ हजार, मजुरी ५० हजार. बेरीज २ लाख ६३ हजार. सामायिक खर्च धरून ५ लाख ५९ हजार.

पुण्यात टर्बोला एक मोठा फायदा आहे जो परदेशी व्हिडिओत कुणी सांगणार नाही. इथे ट्रक, बस, जेनसेट सगळं डिझेल टर्बोवर चालतं, त्यामुळे टर्बोचा कोअर (मधला फिरणारा भाग) खोलून बॅलन्स करून देणारी माणसं हायवेला आणि एमआयडीसीत सहज सापडतात, भोसरीत चांगला टिग वेल्डर आणि फ्लँज कापून देणारा एकाच गल्लीत मिळतो. म्हणजे टर्बो खराब झाला तरी गाडी आठवड्यात परत रस्त्यावर येऊ शकते.

पण याच फायद्यातून एक खड्डा तयार होतो. जुन्या बाजारात किंवा भंगारवाल्याकडे डिझेल गाडीचा टर्बो १०-१५ हजारात मिळतो आणि मोह होतो. तो पेट्रोलला लावू नका. डिझेलचा एक्झॉस्ट पेट्रोलपेक्षा बराच थंड असतो, पेट्रोल इंजिनाचा पूर्ण जोरात ९०० डिग्रीच्या आसपास जातो, त्या तापमानाला डिझेलवाल्या टर्बाइन हाउसिंगला तडे जातात आणि व्हेरिएबल व्हेन असतील तर त्या अडकून बसतात. जुना घ्यायचाच तर पेट्रोल गाडीचाच घ्या आणि घेताना शाफ्ट हाताने हलवून बघा. आडवा थोडा प्ले चालतो, कारण जर्नल बेअरिंग ऑइलवर तरंगतं, पण पुढे-मागे प्ले जाणवला किंवा चाकाची पाती हाउसिंगला घासल्याची खूण दिसली तर तो सोडून द्या, आणि दोन्ही हाउसिंगमध्ये बोट घालून बघा, आत ऑइल नको.

ऑइल रिटर्नची लाइन हा विषय मी मुद्दाम लांबवतोय. माझ्या एका मित्राच्या गाडीत एका गॅरेजने रिटर्नचा पाइप बारीक लावला आणि वर एक वळण देऊन तो चेंबरमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात) ऑइलच्या पातळीच्या खाली घातला. टर्बोमधून ऑइल प्रेशरने बाहेर येत नाही, फक्त स्वतःच्या वजनाने खाली पडतं, त्यामुळे ते तिथे तुंबलं, सील सोडून आत गेलं आणि दोन महिन्यांत निळा धूर. टर्बो बदलला, परत तसंच, परत बदलला. दोन टर्बोचे पैसे गेले, आणि दुरुस्ती काय होती तर जाड पाइप, सरळ उतार, आणि चेंबरला ऑइलच्या पातळीच्या वर भोक पाडून बंग (पाइप जोडायचा तुकडा) वेल्ड करणं. कोटेशनमध्ये चेंबर काढून बंग वेल्ड करणार का हे लिहूनच घ्या. चेंबर गाडीवर असताना ड्रिल करणाऱ्याला गाडी देऊ नका, धातूचा कीस ऑइलमध्ये जातो.

सुपरचार्जरचा कॉलम

इथे पहिला प्रश्न हा की तुमच्या इंजिनासाठी तयार किट कुणी बनवतं का. होंडाच्या के-सीरिजसाठी, माझदा एमएक्स-५ साठी, मस्टँगच्या व्ही८ साठी भरपूर किट मिळतात, आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांसाठी नाहीत. किट असेल तर ते बाहेरून येणार, मग दुकानातली किंमत विसरा आणि दारात पडणारी किंमत काढा.

समजा किट ४ लाखाचं, शिपिंग आणि विमा ४० हजार, झाले ४ लाख ४० हजार. कस्टम ड्यूटी आणि तिच्यावरचा सरचार्ज मिळून समजा साडेसोळा टक्के, म्हणजे ७२ हजार ६००. आता आयजीएसटी मूळ किमतीवर लागत नाही, ड्यूटी मिळवून झालेल्या बेरजेवर लागतो, म्हणजे ५ लाख १२ हजार ६०० वर १८ टक्के, साधारण ९२ हजार. दारात ६ लाख ५ हजार. वस्तूचा एचएस कोड (कस्टमचा वर्गवारी क्रमांक) बदलला की ड्यूटीही बदलते, म्हणून ऑर्डर देण्याआधी कस्टम ब्रोकरला इनव्हॉइस दाखवून दर विचारा, त्याची फी वाचवायला जाऊ नका.

चांगल्या किटमध्ये इंजेक्टर आणि इंटरकूलर येतात, त्यामुळे सामायिक कॉलममधले ७५ हजार कमी होतात, उरतात २ लाख २१ हजार. बसवायची मजुरी आणि जास्तीचे बेल्ट ४० हजार. एकूण ८ लाख ६६ हजार. टर्बोपेक्षा तीन लाखांनी महाग.

बघा, हा फरक मोठा वाटतो, पण यातला जवळजवळ दोन लाखांचा भाग शिपिंग आणि करांचाच आहे. वस्तू म्हणून सुपरचार्जर तितका महाग नाही, तो इथे बनत नाही आणि इथे वापरात नाही म्हणून महाग पडतो. आपल्याकडे कंपनीतूनच सुपरचार्जर असलेल्या गाड्या म्हणजे मर्सिडीजच्या जुन्या कॉम्प्रेसर, जॅग्वारचे व्ही६ आणि व्ही८, अशा मोजक्याच. त्याचे बेअरिंग, कपलर, खास ऑइल सगळं मागवावं लागतं.

स्वस्तातला एक मार्ग आहे, ईटन कंपनीचा जुना रूट्स सुपरचार्जर. मिनी कूपर एस च्या पहिल्या सुपरचार्ज्ड मॉडेलमधला एम४५ किंवा जुन्या मर्सिडीजचा एम६२ बाहेरून वापरलेला मागवायचा आणि ब्रॅकेट व इनटेकची प्लेट इथे सीएनसीवर कापून घ्यायची. कागदावर हे टर्बोपेक्षाही स्वस्त दिसतं. पण पुली एका रेषेत नसली, मिलिमीटरचाही फरक असला, की बेल्ट कडेने खात जातो आणि उडतो, आणि तोच बेल्ट वॉटर पंप फिरवत असेल तर इंजिन तापून हेड गॅस्केट जातं. ज्याच्याकडे स्वतः ड्रॉइंग काढणारा माणूस आहे त्यानेच या वाटेला जावं.

आता रुपये भागिले हॉर्सपॉवर

६ पीएसआय म्हणजे किती, याचंही पुण्याचं वेगळं गणित आहे. समुद्रसपाटीला हवेचा दाब १४.७ पीएसआय, पुणे साधारण ५६० मीटरवर, इथे १३.७ च्या आसपास. म्हणजे आपली गाडी मुळातच कोकणात चालते त्यापेक्षा थोडी कमी हवा घेते. टर्बोचा वेस्टगेट गेजवर ६ म्हणजे ६ च देतो, मग महाबळेश्वरला जा नाहीतर मुरुडला. सुपरचार्जरची पुली मात्र ठरलेली असते, तो दाबाचं गुणोत्तर ठरवतो, त्यामुळे घाट चढून वर गेलात की गेजवरचा आकडा कमी होतो. शिवाय या बूस्टला सुपरचार्जर फिरवायलाच क्रँकची ८ ते १२ एचपी जाते. टर्बोही फुकट नाही, एक्झॉस्टला अडथळा होतोच, पण कमी.

मी धरलं ते असं, टर्बोने ४५ पीएस वाढतील, सुपरचार्जरने ४०. टर्बोला दर पीएस साधारण १२ हजार ४००, सुपरचार्जरला २१ हजार ६५०. इथे बरेच जण थांबतात आणि टर्बो म्हणतात. थांबू नका, तीन वर्षांचा खर्च पण लिहा. टर्बोला दर ५,००० किलोमीटरला फुल सिंथेटिक ऑइल, उष्णतेने कडक होणारे होस आणि वायरिंग, मॅनिफोल्डला तडा गेला तर परत वेल्डिंग, गॅस्केट. सुपरचार्जरला बेल्ट, टेन्शनर, त्याचं स्वतःचं ऑइल, आणि काही बिघडलं तर पार्टची सहा-आठ आठवडे वाट बघणं. पेट्रोल दोन्हीला ९५ ऑक्टेनच्या खाली नको, आणि ट्यून १०० वर केला असेल तर कायम तेच भरावं लागेल, ते पुण्यात २०२० च्या डिसेंबरपासून मिळतं पण प्रत्येक पंपावर नाही आणि साध्यापेक्षा बरंच महाग. लांबच्या प्रवासाला जायचं असेल तर ट्यूनरकडून ९५ चा वेगळा मॅप (ईसीयूतलं सेटिंग) करून घ्याच.

शहरात चालवण्याबद्दल माझं मत सांगतो. हिंजवडीच्या जाममध्ये अर्धा तास उभं राहिलं की टर्बोच्या आजूबाजूचं सगळं भाजून निघतं, आणि पुढे लावलेला इंटरकूलर आणि खाली आलेला डाउनपाइप आपल्या सोसायट्यांच्या स्पीडब्रेकरला घासतो. चालवायला सुपरचार्जर जास्त सुखाचा, पाय ठेवला तेवढंच मिळतं, गाडी मूळचीच मोठ्या इंजिनाची असल्यासारखी वाटते. माझ्या इंजिनासाठी इथे सपोर्ट असलेलं किट असतं तर मी तीन लाख जास्त देऊन तेच घेतलं असतं. नाही, म्हणून मी टर्बोकडे वळलो, छोटा टर्बो, कमी बूस्ट.

आणखी एक ओळ, जी मांडायला जिवावर येते

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही, सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं. कलम १८२ए मध्ये मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही लिहिलंय. संगम ब्रिजच्या आरटीओत जाऊन टर्बोची नोंद करून घेऊ असं कुणी सांगत असेल तर आधी लेखी मागा. आणि विमा, न कळवलेल्या बदलावर क्लेम नाकारला जाऊ शकतो, म्हणजे ६ लाखांचं काम आणि गाडीची किंमत दोन्ही अंगावर. मी माझी गाडी ट्रॅकसाठी वेगळी काढली, ती आता ट्रेलरवर जाते, कोइम्बतूरला नाहीतर चेन्नईला, आणि तो वाहतुकीचा खर्चही शीटमध्ये एक ओळ म्हणून आहे.

रोजच्या रस्त्यासाठीच वेग हवा असेल तर मनापासून सांगतो, कंपनीतूनच टर्बो असलेली वापरलेली गाडी बघा. चाकणला बनलेली पोलो जीटी टीएसआय, रांजणगावला बनलेली लिनिया टी-जेट, स्कोडाच्या टीएसआय. तुमची गाडी विकून वर ५ लाख ५९ हजार घातले तर काय येतं ते शीटमध्ये चौथा कॉलम करून लिहा. तिथे पिस्टन, क्लच, ब्रेक सगळं बूस्ट धरूनच बनवलेलं असतं आणि विमाही सरळ असतो.

पैसे कुठल्या क्रमाने टाकायचे

सगळं एकदम घेऊ नका. पहिले दीड-दोन हजार कॉम्प्रेशन आणि लीकडाउन टेस्टला, म्हणजे सिलेंडर दाब नीट धरतात का ते बघायला. चार सिलेंडरमध्ये दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक आला तर बूस्टचे पैसे बाजूला ठेवा आणि आधी इंजिनाचं काम करा, दमलेल्या इंजिनावर टर्बो लावणं म्हणजे तेच काम दुप्पट पैशात करणं. मग ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल, टायर आणि कूलिंग. नंतर ईसीयू आणि वाइडबँड, तेही बूस्ट नसताना, मूळ इंजिनावर व्यवस्थित ट्यून करून दोन-तीन महिने चालवा, म्हणजे वायरिंगच्या कटकटी तेव्हाच बाहेर येतात आणि नंतर काही बिघडलं तर दोष कुठे शोधायचा ते कळतं. त्यानंतर इंजेक्टर, पंप, क्लच. टर्बो किंवा सुपरचार्जर सगळ्यात शेवटी.

ट्यूनरची तारीख मात्र सगळ्यात आधी घ्या, आणि त्याच्याकडूनच विचारून घ्या की तुमच्या इंजिनावर त्याने आधी काय बसवलंय. ज्याने तुमच्या इंजिनाचे दहा टर्बो ट्यून केलेत आणि सुपरचार्जर एकही नाही, त्याच्या हातात सुपरचार्जर दिला तर तो तुमच्या पैशाने शिकणार, आणि डायनोचे तास तासावर मोजले जातात. माझ्या गाडीत सध्या ईसीयू आणि वाइडबँड बसलंय, कॉम्प्रेशन चारही सिलेंडरला सारखं आलं, मॅनिफोल्डचं ड्रॉइंग भोसरीत दिलंय, टर्बो अजून घेतलेला नाही.